साउंडबारमधली बाई

ब्राह्मणपुरी,
६ ऑगस्ट २०२५

प्रिय जालमसिंग,

रामराम. तुला फोन लावला की तुझ्या पाड्यावरचा नुसता वारा ऐकू येतो, म्हणून हे पत्र तोरणमाळच्या गाडीतल्या प्रतिभाताईंच्या हाती देतोय. त्या वाहक असून पोस्टमनपेक्षा भरवशाच्या आहेत, असं तूच म्हणतोस. चाळीस वर्षं तू शहाद्याच्या बाजारात लोकांचे रेडिओ आणि टीव्ही उघडून बसलास. तेव्हा माझ्या घरात कधी काही बिघडलं नाही. तू दुकान बंद करून डोंगरावर गेलास, आणि आता बिघडलंय.

कानबाईच्या सणाला, रोटांसाठी, पोरगा योगेंद्र सुरतहून आला होता. येताना त्यानं साउंडबार आणला. साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायचं लांबट काळं खोकं. त्यातून आवाज असा निघतो की रविवारी कानबाईची गाणी लावली तर अर्धी गल्ली ओट्यावर येऊन बसली. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, योगेंद्र संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. म्हणजे घरात पुन्हा आम्ही तिघंच: मी, तुझी गजरावहिनी आणि सून चेतना.

मंगळवारी दुपारी दोनला मी एकटाच पुढच्या खोलीत बाजारभाव बघत होतो. अचानक टीव्हीचा आवाज गेला. बातम्या देणाऱ्याचं तोंड हलतंय आणि खोक्यातून एक बाई बोलतेय! खोक्यावरचा पांढरा दिवा निळा झालेला. बाई शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलत होती. "जमिनीचा सामू साडेसहा ते साडेसात असावा," असं काहीतरी. मिनिटभर बोलली आणि शेवटी म्हणाली, "उरले अडुसष्ट दिवस." मग दिवा पांढरा झाला आणि बाजारभाव परत सुरू.

मी गजराला हाक मारली. ती आली, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हले भास व्हयी ऱ्हायना." आज पुन्हा दोनच्या सुमारास तीच बाई. या वेळी "सदुसष्ट".

मी भुताखेतांना मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण जालम, सदुसष्ट दिवसांनी आहे तरी काय?

तुझा,
छगन

तोरणमाळ,
११ ऑगस्ट

छगन,

पत्र मिळालं. प्रतिभाताईंनी गाडी थांबवून स्वतः हातात दिलं आणि "आत काय आहे?" असंही विचारलं. मी म्हणालो, भूत आहे.

साउंडबार मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण तुझं पत्र वाचल्यापासून माझे हात शिवशिवताहेत. चाळीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो. यंत्र खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. लोणखेड्याची एक बाई दर आठवड्याला रेडिओ घेऊन यायची, रोज संध्याकाळी सातला खरखरतो म्हणून. मी तीन वेळा तो उघडला, तीन वेळा कथलाचा डाक देऊन सांधे पक्के केले. शेवटी कळलं की तिच्या भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती आणि ती सातला सुरू व्हायची. तेव्हापासून मी आधी घर बघतो, मग यंत्र.

तर आता सांगतो तसं कर. आधी खोक्याची वायर बोर्डातून काढ आणि पूर्ण दोन मिनिटं थांब. अर्ध्या मिनिटात घाई करू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे. मग टीव्हीच्या मागे जाऊन बघ. खोक्याची जाड केबल ज्या भोकात आहे तिथं एआरसी असं लिहिलेलं असेल. नसेल तर ते भोक शोधून त्यात खोच. आवाजाचा गोंधळ दहातल्या सहा वेळा तिथंच असतो.

तेवढ्यानं थांबलं तर थांबलं. नाही थांबलं तर वही घे. बाई किती वाजता बोलली, दिव्याचा रंग कोणता, काय बोलली, आणि त्या वेळी घरात कोण कुठं होतं, सगळं लिही. "काहीतरी" असं लिहू नकोस. खोक्यासोबत एक छोटं पुस्तक आलं असेल, तेही पाठव. दुपारी चेतनालाही आवाज येतो का, ते तिला विचार.

दिवस उलटे कोण मोजतंय हे मलाही कळेना. पण बाई सामूबद्दल, जमिनीच्या पीएचबद्दल, बोलते म्हणजे भूत शिकलेलं आहे.

जालमसिंग

ब्राह्मणपुरी,
१९ ऑगस्ट

प्रिय जालम,

दोन मिनिटं थांबलो. घड्याळ लावून थांबलो. केबलही एआरसीच्याच भोकात निघाली. बाई तरीही बोलतेच.

वही केली आहे. रोज येत नाही ती. बारा तारखेला आली, चौदाला आली, मध्ये एक दिवस नुसता निळा दिवा लागला आणि विझला. वेळ नेहमी दोन ते अडीच. कधी दोनच वाक्यं, कधी चार, आणि मध्येच तोडल्यासारखी गायब. तेव्हा मी खुर्चीत असतो, गजरा मागच्या अंगणात आणि सून स्वयंपाकघरात भांडी घासत असते.

चेतनाला विचार म्हणतोस, पण तिला मी कसं विचारणार? आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. माझी आई माझ्या आजोबांशी बोलली नाही, गजरा माझ्या वडिलांशी बोलली नाही. सुनेला काही हवं असेल तर ती सासूच्या कानात सांगते, सासू मला सांगते. सहा वर्षं आमचं सगळं नीट चाललंय. म्हणून गजराकडून विचारलं. गजरा आत गेली, लगेच बाहेर आली आणि म्हणाली, तिनं काहीच ऐकलं नाही.

आता गंमत ऐक. चौदा तारखेला बाई पपईवर बोलली. तुला माहीत आहे, माझ्या चार एकरांतली झाडं महिनाभर पिवळी पडताहेत. औषधाच्या दुकानातून मी तीन वेळा फवारा आणला, काही फरक नाही. बाई म्हणाली, मी शब्दशः लिहिलंय: "रिंगस्पॉट विषाणूवर औषध नाही. त्याचा प्रसार मावा करतो. रोगट झाडे उपटून नष्ट करावीत. पपईजवळ काकडीवर्गीय वेल घेऊ नयेत." शेवटी "उरले एकोणसाठ दिवस".

मी उठून बांधावर गेलो. जालम, माझ्या पपईच्या कुंपणावर काकडीचे वेल! गजराच्या हौसेचे. मी दुसऱ्या दिवशी सगळे उपटले, वर अकरा झाडंही उपटली. गजरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण उरलेल्या झाडांना नवी पानं हिरवी येताहेत.

तेव्हा माझं मन आता दोन्हीकडे ओढतंय. खोकं दुरुस्त व्हावं असंही वाटतं आणि बाई जाऊ नये असंही वाटतं. दोन वाजायला बारा मिनिटं उरली की मी चहा संपवून तयार बसतो. गजरा म्हणते, "त्या डबडाकडे काय बठी बठी देखतस? वावरमा जा ना." पूर्वी हीच गजरा म्हणायची, दुपारच्या उन्हात वावरात जाऊ नका.

पुस्तक सोबत पाठवलंय. त्यात मराठी सोडून सगळ्या भाषा आहेत.

तुझा,
छगन

तोरणमाळ,
२५ ऑगस्ट

छगन,

पुस्तक वाचायला मला पाच दिवस लागले. इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी, वर पोळ्याचा सण. बैलांना रंगवून झालं की मी पुन्हा पुस्तक घेऊन बसायचो, तेव्हा तुझी जमुनावहिनी म्हणाली, या वयात परीक्षा देताय का?

आता नीट वाच. पांढरा दिवा म्हणजे टीव्हीचा आवाज. निळा दिवा म्हणजे ब्लूटूथ, म्हणजे वायरीशिवाय कुणाच्या तरी फोनचा आवाज. तुझी बाई आकाशातून येत नाही, ती एका फोनमधून येते. चौदाव्या पानावर लिहिलंय की एकदा ओळख झालेला फोन जवळपास असला आणि त्यावर काही वाजायला लागलं, तर हे खोकं आपण होऊन टीव्ही सोडतं आणि फोनचं ऐकतं. फोनवाल्याला कळतही नाही की त्याचा आवाज दुसऱ्याच खोलीत निघतोय. त्याला वाटतं आपले कानातले इअरफोन बिघडले. तो खटपट करून जोडणी सोडवतो आणि तुझी बाई मध्येच गप्प होते.

हा बिघाड नाही, ही खोक्याची सवय आहे. या सवयी ज्या आज्ञांनी ठरतात त्यांना फर्मवेअर म्हणतात. आमच्या काळी सवय बदलायची तर डाक द्यायची सळई तापवावी लागे, आता कंपनी नवीन फर्मवेअर पाठवते. पेनड्राइव्हमध्ये भरायचं, खोक्याच्या पाठीत खोचायचं, दहा मिनिटं वीज जाऊ द्यायची नाही. पुस्तकातल्या चिठ्ठीप्रमाणे नव्या अपडेटनंतर हे खोकं विचारल्याशिवाय कुठल्याही फोनला जोडून घेत नाही. पण अपडेट होताना जुन्या सगळ्या ओळखी पुसल्या जातात. म्हणून आताच करू नकोस. केलंस तर बाई कोण ते कधीच कळणार नाही.

दोन गोष्टी कळव. खोकं बसवलं त्या दिवशी कुणाकुणाचा फोन त्याला जोडला होता? आणि भिंतीपलीकडे कोण राहतं?

आणि हो, कॅलेंडरवर मोजून पाहिलं. तुझ्या वहीतल्या कुठल्याही दिवसापासून मोज, उत्तर एकच येतं. बारा ऑक्टोबर, रविवार.

जालमसिंग

ब्राह्मणपुरी,
७ सप्टेंबर

प्रिय जालम,

बारा ऑक्टोबर वाचलं आणि मी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला. मूर्खपणा आहे हे कळतं, तरी केला.

भिंतीपलीकडे सुपडू राहतो. माझा पहिला संशय त्याच्यावर. कानबाईच्या दिवशी त्यानंही फोन जोडून दोन गाणी लावली होती. मी त्याला म्हटलं, तीन दिवस दुपारी फोन बंद ठेव. त्यानं कारण विचारलं, मला सांगावं लागलं. त्यानं फोन बंद ठेवला आणि तिन्ही दिवस बाई आलीच. दुसऱ्या दिवशी तर तो माझ्याच शेजारी बसला होता, हातात बंद फोन धरून. बाई म्हणाली, "उरले सदतीस दिवस." सुपडूचा चेहरा उतरला. म्हणाला, "छगनभाऊ, हाई चांगलं लक्षण नही शे. बारा तारीखले घर सोडू नका."

मी हसण्यावारी नेलं. पण त्याच संध्याकाळी गजरा म्हणाली, बारा ऑक्टोबरला ती सुनेला घेऊन नंदुरबारला जाणार आहे, तिच्या माहेरकडच्या कुणाचं तरी बारसं आहे. नेमकी तीच तारीख! मी साफ सांगितलं, त्या दिवशी या घरातलं कुणीही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. गजरानं पहिल्यांदा समजावलं, मग भांडली, मग रडली. एका बारशासाठी माणूस इतकं रडतं का? स्वयंपाकघरात ताट पडल्याचा आवाज झाला. पण मी हटलो नाही. माझ्या माणसांना काही झालं तर मी ते पुस्तक घेऊन काय करू?

तू फोनचं विचारलंस. योगेंद्रच्या फोनची बॅटरी त्या दिवशी संपली होती. त्यानं सुनेचा फोन घेतला आणि त्यावरून खोकं बसवलं. नंतर सुपडूचा जोडला. बाकी कुणाचा नाही.

योगेंद्रला मी फोनवर बाईचं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "बाबा, मी उनू का अपडेट मारी देस. मंग ते चूप व्हयी जाई." अठ्ठावीस सप्टेंबरला येतोय. पोरगा सुरतेत बसून एका क्षणात दोष ओळखतो आणि तू महिनाभर पुस्तक वाचतोस. राग मानू नकोस.

तुझा,
छगन

तोरणमाळ,
१३ सप्टेंबर

छगन,

राग मानत नाही. तुझं पत्र मी जमुनाला वाचून दाखवलं. अर्ध्यातच ती हसायला लागली, शेवट मात्र तिनं मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, तुमच्या दोस्ताला हे सांगू नका, त्याला विचारा.

म्हणून आज काही सांगत नाही. केबल काढू नकोस, खोक्याला हात लावू नकोस. माझ्या एकाच प्रश्नाचं उत्तर लिहून पाठव. वहीत बाईबद्दल लिहितोस तसंच, "काहीतरी" न लिहिता.

तुझ्या सुनेचा आवाज कसा आहे?

जालमसिंग

ब्राह्मणपुरी,
२० सप्टेंबर

जालम,

तुझं पत्र वाचून आधी मला तुझा रागच आला. हा काय प्रश्न झाला? दुसऱ्याच्या घरच्या सुनेच्या आवाजाशी तुला काय करायचंय? मग वही उघडली, पेन घेतलं आणि तसाच बसून राहिलो.

मला सांगता येईना. सहा वर्षं ती या घरात आहे. माझं ताट रोज तीच वाढते आणि मी उठलो की उचलते. मला कावीळ झाली तेव्हा सव्वा महिना तिनं पथ्याचं रांधलं. आणि तिचा आवाज मला ठाऊक नाही. दाराआडून गजराशी कुजबुजते तेवढंच ऐकलंय. ती कुजबुज कुणाचीही असू शकते.

दोन वाजता बाई आली. मी टीव्ही बघितला नाही. चप्पल न घालता स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. सुनेची पाठ माझ्याकडे होती. कानात ते इअरफोनचं पांढरं बोंड, ओट्यावर फोन, हातात पोळपाट. पुढच्या खोलीतून बाई म्हणाली, "उरले बावीस..." आणि सुनेनं पीठ लागलेल्या बोटानं कानातलं काढलं, त्याच्याकडे वैतागून बघितलं, फोनवर दोनदा टिचकी मारली. पुढच्या खोलीत बाई गप्प झाली.

मी मागे फिरलो. गजरा अंगणाच्या दारात उभी होती, तिनं मला बघितलं होतं. मी काही विचारायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं. बारसं वगैरे काही नाही. बारा ऑक्टोबरला नंदुरबारला कृषी खात्याच्या भरतीची परीक्षा आहे. चेतना पहाटे पुस्तक वाचून आपल्याच आवाजात फोनमध्ये भरते आणि दुपारी भांडी घासताना, पोळ्या लाटताना ऐकते. तिला बसून अभ्यास करायला वेळ कुठला!

जालम, मुलीनं शेतीचा डिप्लोमा केलाय हे मला लग्न ठरताना सांगितलं होतं. मी तेव्हा "बरं" म्हणालो होतो. दोन वर्षांपूर्वी गजरानं तिच्यासाठी फॉर्म भरायचं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, आपल्या घरात काय कमी आहे? मग औषधाच्या दुकानातून चुकीचे फवारे आणत राहिलो, आणि ज्या पोरीला सगळं येत होतं तिच्या हातची भाकर खात राहिलो. घरात आम्ही चौघं. तिघांना ठाऊक होतं, एकटा मीच बाहेर. योगेंद्रसुद्धा अपडेटच्या नावाखाली माझे कान बंद करायला येतोय.

मला लाज वाटतेय. रागही येतोय, पण तो कुणाचा हे नीट कळत नाही. तिला अजून माहीत नाही की मला कळलंय. ती समजते की परीक्षा गेली. काय करू ते लिही.

छगन

तोरणमाळ,
२४ सप्टेंबर

छगन,

माझ्या आयुष्यात इतकं स्वच्छ निदान झालेला बिघाड दुसरा नाही. शाबास. जमुना म्हणते, शाबासकी मला मिळायला हवी. बरोबर आहे.

काय करायचं ते चौदाव्या पानावर नाही, त्यामुळे माझा सल्ला यंत्रापुरताच. योगेंद्रला अपडेट करू दे. शहाद्यातून पेनड्राइव्ह आणशील तर नवाच आण, गाण्यांनी भरलेला चालत नाही. नव्या फर्मवेअरनंतर खोकं सगळ्यांना विसरेल. चेतनाचा फोन त्याला आपोआप सापडणार नाही आणि तिच्या कानातलं दुपारी बिघडणार नाही. उरलेले दिवस तिला एकही शब्द न तुटता ऐकायला मिळेल, हे तुझ्या बाजारभावापेक्षा मोठं आहे.

पण तुला तो आवाज परत हवा असेल तर आता कुणीतरी तिला विचारावं लागेल. खोक्याची ती सोय कंपनीनं केलीच आहे. गजरावहिनीमार्फत विचारू नकोस. एवढंच सांगतो.

मी स्वतः जमुनाला पहिली तीन वर्षं नावानं हाक मारली नव्हती, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

जालमसिंग

ब्राह्मणपुरी,
१४ ऑक्टोबर

प्रिय जालम,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं पूर्ण झालं नव्हतं.

अठ्ठावीसला योगेंद्र आला. पेनड्राइव्ह नवा आणून ठेवला होता. त्यानं खोक्याच्या पाठीत तो खोचला, दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला. दहा मिनिटं मी मेन बोर्डापाशी उभा होतो, कुणी बटणाला हात लावू नये म्हणून. गावची वीज त्या दिवशी शहाण्यासारखी वागली. अपडेट झालं. योगेंद्र खूश होऊन सुरतेला गेला. मला सगळं कळलंय हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले. पांढरा दिवा, बाजारभाव. सव्वादोन, अडीच. कापसाचा भाव, केळीचा भाव. इतकी कंटाळवाणी दुपार मी पाहिली नव्हती. मी टीव्ही बंद केला आणि उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. गजरा घाबरून मध्ये आली, तिला मी बाजूला हो म्हटलं. सुनेनं पदर सावरला आणि भिंतीकडे वळली.  मी म्हणालो:

"बेटा, तुन्हा फोन त्या डबडाले पर्त जोडी दे. पपईनं पुढलं मन्हं ऐकानं ऱ्हायी गयं. आनि बारा तारीखले मी बी येस नंदुरबारले."

 गजरा तिथंच पाटावर बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मला वाटलं चुकलं माझं. मी परत येऊन खुर्चीत बसलो. थोड्या वेळानं चेतना पुढच्या खोलीत आली, मान खाली. खोक्याचं बटण दाबून धरलं, फोनवर काही केलं. निळा दिवा लागला. ती आत गेली आणि पपईचं पुढलं सुरू झालं, पहिल्यापासून, एक शब्द न तुटता. तोडणी कधी करावी, फळावर पिवळी रेघ दिसली की. त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास ती मोठ्यानं वाजवायची आणि आत ऐकायची, बाहेर मी ऐकायचो. मृदा, सिंचन, कीड. शेवटी "उरले इतके दिवस". तो आकडा ऐकून आता मला भीती वाटायची ती वेगळीच, अभ्यास पुरा होईल ना याची.

सुपडूला मी खरं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे लक्षण चांगलं होतं तर.

बाराला पहिल्या तोड्याचे मजूर मी पुढे ढकलले. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं नंदुरबारला गेलो. त्या दोघी एका बाकावर, मी मागच्या. केंद्राच्या फाटकाशी तिनं गजराला वाकून नमस्कार केला, मग मलाही. बोलली मात्र नाही. मीही नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोन तास आम्ही समोरच्या लिंबाखाली बसलो. बाहेर आल्यावर ती गजराच्या कानात काही सांगत होती, मी अंदाजानंच ओळखलं की पेपर बरा गेला. निकालाला वेळ आहे. लागला नाही तर पुढच्या वर्षी फॉर्म मी स्वतः भरून आणीन, हे मी गजराला सांगून ठेवलंय.

काल पपईचा पहिला तोडा केला. उपटलेली अकरा सोडली तर झाडं लदबदलेली आहेत. दुपारी घामाघूम होऊन घरी आलो, खुर्चीत टेकलो. घड्याळात दोन वाजत होते. आणि आवाज आला, तोच, स्वच्छ, मोकळा. फक्त या वेळी शाळेतल्या मराठीत नाही, आपल्या बोलीत.

"बाबा, ताट वाढेल शे. हात धोई ल्या."

सवयीनं मी खोक्याकडे बघितलं. दिवा बंद होता. टीव्हीही बंद होता. मी मान वळवली तर चेतना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, माझ्याकडे बघत.

जालम, मी उठलो, हात धुतले आणि जेवायला बसलो. खोक्याचं पुस्तक प्रतिभाताईंच्या हाती परत पाठवू नकोस, तू पपई खायला येशील तेव्हा घेऊन ये. जमुनावहिनींना आण.

तुझा,
छगन